टायटसच्या मनगटातली थैली

३ जून १८६४. सेंट जॉर्जेस, बर्म्युडा.

पोचलो! तीन वर्षांनी आज खरी कॉफी प्यायलो. भाजलेल्या रताळ्यांचा काळा काढा नव्हे, कॉफी. दोन कप रिचवून तिसरा मागितला तेव्हा घराची मालकीण म्हणाली, तुमच्या लढाईत पाणी तरी मिळतं का हो प्यायला?

तिचं नाव मिसेस केझाया टूझो. एका वाटाड्या खलाशाची विधवा. काळी आहे, आणि हे घर तिच्या स्वतःच्या मालकीचं आहे. चार्ल्स्टनला आईला कळलं तर ती हाय खाईल. मला मात्र आज कशाचंच काही वाटत नाही. खोली वरच्या मजल्यावर, देवदाराच्या पेटीचा वास, खिडकीतून सगळं बंदर दिसतं. न्याहारीला खारवलेला मासा, उकडलेले बटाटे आणि केळी. तिकडे आमची पोरं किड्यांची बिस्किटं खाऊन मरताहेत आणि मी, अ‍ॅम्ब्रोज हार्लस्टन, अमेरिकेतल्या दक्षिणेच्या राज्यांच्या नौदलातला लेफ्टनंट, इथे केळी सोलतो आहे. या कामासाठी मामा राजधानीत, रिचमंडमध्ये, कुणाकुणाच्या हातापाया पडले ते मला माहीत आहे. आपल्या सरकारचे गुप्त खलिते लंडनला न्यायचे, तिथे राहायचं, आणि लढाई संपेपर्यंत परत फिरकायचं नाही. मी तर म्हणतो, संपो एकदाची.

खलित्यांची थैली समुद्राच्या तळाशी आहे, आणि नियमाप्रमाणेच आहे. मेणकापडाची थैली, बुडाला शिसं शिवलेलं, साखळीने मनगटाला कुलूपबंद. शत्रूच्या हाती पडायची वेळ आली तर पाण्यात टाकायची. विल्मिंग्टन सोडल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मागून एक करडं जहाज आलं. यांकी, यांकी म्हणून ओरडा झाला. थैली गेली. अर्ध्या तासाने कळलं की ते आपलंच जहाज, आमच्यासारखंच उत्तरेच्या यांकींचा वेढा चुकवून निघालेलं. आम्ही त्याला भिऊन पळत होतो आणि तेही आम्हाला भिऊन पळत होतं. आमचा कप्तान पोट धरून हसला.

त्या गडबडीत माझा माणूस टायटस गेला. वाईट झालं. दाढी फार सुरेख करायचा.

५ जून.

आमचे इथले एजंट भेटले. बुटके, घामट, पण सज्जन. मी लेखी अहवाल दिला. थैली नियमाप्रमाणे बुडवली. नोकर तोल जाऊन पडला. त्यांनी वाचून मान डोलावली आणि सांगितलं, काळजी नको, प्रत्येक खलित्याची दुसरी प्रत दुसऱ्या जहाजाने येतेच. लेफ्टनंट क्रील ती घेऊन येईल. ती तुम्ही पुढे न्या. डाकबोट अठराला हॅलिफॅक्सला सुटते, तिथून पुढे लंडनची बोट.

म्हणजे माझं लंडन शाबूत आहे. क्रील येईपर्यंत खायचं, झोपायचं.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कारण एजंटांना लिहिली नाही. थैली माझ्या मनगटाला नव्हती. मला बोट लागली होती. नौदलातल्या माणसाला बोट लागते हे काय चारचौघांत सांगायचं? दोन दिवस कठड्यावर ओणवा होतो आणि ते शिसं गुडघ्यावर आपटत होतं. म्हणून मी ती टायटसच्या मनगटात अडकवली. किल्ली माझ्याच खिशात होती.

परतलो तेव्हा मिसेस टूझोने विचारलं, तुमच्या माणसाचं अंथरूण कुठे घालू? मी म्हणालो, मी एकटाच आलोय. म्हणाली, जिन्यावर दोघांचे पाय वाजले होते. मग हात पुसत म्हणाली, एकटे तर एकटे. पण एवढं लक्षात असू द्या लेफ्टनंटसाहेब, तुमच्याकडचा कुणी गुलाम इथे उतरला की तो मोकळा. ही इंग्लंडच्या राणीची जमीन आहे. तीस वर्षं झाली, इथे कुणी कुणाचं नसतं.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. टायटसलाही ठाऊक होतं. त्या सकाळी त्याने धुतलेला पांढरा सदरा घातला होता. मी विचारलं, आज काय रविवार आहे का? तो म्हणाला, नाही मालक, उद्या जमीन दिसणार ना, म्हणून.

८ जून.

आज भर दुपारी मिसेस टूझोने माझ्यावर तोंड सोडलं. जिन्यावर, ओसरीवर, माझ्या दारापर्यंत पाणीच पाणी. इथे विहीर नाही, नदी नाही. पावसाचं पाणी चुन्याच्या पांढऱ्या छपरावरून टाकीत साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं. पाणी सांडणं म्हणजे इथे पाप. ती म्हणाली, तुमच्याकडे नोकरांनी पाणी वाहिलं असेल, माझ्याकडे देव वाहतो, आणि तोही कधीमधी.

मी शपथेवर सांगितलं, मी झोपलो होतो. ती ऐकेना. वाकली, बोट ओलं करून जिभेला लावलं. मग माझ्याकडे न बघता फडकं आणायला गेली.

ती गेल्यावर मीही चाखून पाहिलं. खारट होतं.

पाण्यात पावलांचे ठसे होते. अनवाणी. उजव्या पावलाशेजारी प्रत्येक वेळी एक फरपटल्याची रेघ, काहीतरी जड ओढत नेल्यासारखी.

बंदरातल्या कुणा खलाशाची चेष्टा असेल. आमच्या जहाजावरचे लोक गावात दारू पिऊन हिंडताहेत, त्यांना टायटसचं माहीत आहे. पण चेष्टा करायला एवढं समुद्राचं पाणी उचलून कोण आणेल?

११ जून.

मिसेस टूझो त्याच्याशी बोलली.

हे ती मला मासे साफ करता करता सांगत होती, जसं काही शेजारची बाई येऊन मीठ मागून गेली. तीन दिवस तो मागच्या दाराशी येतो म्हणे, उन्हं डोक्यावर आली की. आत ये म्हटलं तर येत नाही, आधी पाय पुसायला मागतो. चांगल्या वळणाचा माणूस आहे, म्हणाली. पांढरा सदरा आहे अंगात. उजवा हात सुजून टम्म झालाय, मनगटात साखळी रुतलीय. तिने मासे कापायच्या सुरीने तोडायचा प्रयत्न केला. सुरीचं पातं तुटलं. तेही तिने मला दाखवलं.

मी विचारलं, काय हवंय त्याला?

म्हणाली, दोनच गोष्टी. कुलूप काढून द्या. आणि तो सांगतो, साहेब रोज वहीत लिहितात, त्यात जे झालं ते लिहा. पडलो असं लिहू नका म्हणतो. तो पडला नव्हता म्हणे.

मी म्हणालो, त्याला वाचता येत नाही, आम्ही शिकवत नाही त्यांना. ती हसली. म्हणाली, त्याला नसेल येत. मला येतं.

मी वही गादीखाली ठेवायला लागलो आहे. पण लपवायची तरी कुणापासून?

गावात पिवळ्या तापाची साथ सुरू झाली आहे. तोच असेल मला. तापात माणसाला काय काय दिसतं. पण दिसतंय तर तिला, मला नाही. आणि तिचं कपाळ थंडगार आहे.

१२ जून.

दुपारी किल्ली मागच्या पायरीवर ठेवली आणि वर येऊन दार लावून बसलो. तासाभराने खाली गेलो. किल्ली नव्हती. पायरी ओली.

सुटलो. खरंच सांगतो, लहान मुलासारखा रडलो. एवढंच हवं होतं त्याला तर आधी का नाही दिलं? आज पावलांचे ठसे नाहीत. मिसेस टूझोने विचारलं, आणि दुसरी गोष्ट? मी म्हणालो, दुसरीचं बघू.

१४ जून.

थॅडियस क्रील आला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, लाल चेहऱ्याचा, मोठमोठ्याने बोलणारा. दुसरी थैली घेऊन आला. वादळात जहाजाचं पाणी कापणारं चाक मोडलं म्हणून दुरुस्तीला नासाऊ बंदरात जावं लागलं, त्यात उशीर झाला.

आल्या आल्या पाठीवर अशी थाप मारली की माझा घोट घशात अडकला. म्हणाला, अरे, ते करडं जहाज आमचंच होतं! तुम्ही आम्हाला यांकी समजलात आणि आम्ही तुम्हाला! मग खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला. तो त्या वेळी दुर्बीण लावून होता. आमच्या जहाजाच्या मागच्या टोकाला, चाकाच्या घुमटीआड दोन माणसं दिसली म्हणे. एक गोरा, एक पांढऱ्या सदऱ्यातला काळा, मनगटाला थैली. काळा काहीतरी बोलत होता, हाताने क्रीलच्या जहाजाकडे दाखवत होता. आणि मग क्रीलने आपले दोन्ही तळहात छातीसमोर धरून झटक्यात पुढे केले.

मला वाटलं, झालं, संपलं आपलं.

तर हा गडी म्हणतो, शाब्बास! कुलपाशी झटापट करत बसला असतास तर? याला म्हणतात कर्तव्य. मी अहवालात लिहिणार आहे, तुला बढती मिळायला हवी. आणि माणूस तुझ्याच घरचा, दुसऱ्या कुणाचं नुकसान नाही. फक्त इथे कुठे बोलू नकोस. ही इंग्रजांची भूमी. इथले लोक त्याला खून म्हणतील आणि फासावर चढवतील. कागदावर तर एक अक्षर नको.

मी विचारलं, त्या थैलीत होतं काय? प्रती त्याच्याच देखरेखीखाली झाल्या होत्या. तो इतका हसला की खोकला आला. बटणं रे! पितळी बटणांची मागणी, नौदलाच्या कोटासाठी, नांगराचं चित्र असलेली. शिवाय लंडनमधल्या आपल्या दोन अधिकाऱ्यांचं भांडण, दोघांत मोठा कोण, त्यावर चौदा पानं. आणि गंमत अशी की तिसरी प्रत इथून मे महिन्यातच पुढे गेली. आतापर्यंत लंडनला पोचलीसुद्धा असेल.

बटणं.

मी त्याच्याबरोबर हसलो. हेही लिहून ठेवतो. मी हसलो.

१६ जून.

कुलूप उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं. खरं तर अर्धंही नाही. किल्ली खिशात, टायटस हातभर अंतरावर, हात पुढे करून उभा. जहाज अजून दोन मैल लांब होतं.

पाच वर्षांचा होतो तेव्हापासून तो माझ्याकडे. मला पोहायला त्यानेच शिकवलं. मनगटाला शिसं बांधल्यावर तो स्वतः कसा पोहणार?

मी स्वतःला विचारतो आहे, थैलीसाठीच का? दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन दिसली असती, त्याने फळीवरून खाली पाय टाकला असता आणि माझ्याकडे वळूनही न पाहता चालू पडला असता, त्या पांढऱ्या सदऱ्यात. मी माझी पेटी स्वतः उचलत मागे राहिलो असतो. हे मला त्या अर्ध्या मिनिटात सुचलं नाही असं कुणी म्हणेल तर म्हणो. सुचलं होतं.

आज तो मला दिसला. दुपारी, ओसरीवर. हात मोकळा होता. मनगट चोळत होता. माझ्याकडे पाहून आदबीने मान झुकवली, जशी नेहमी झुकवायचा, आणि मग माझ्या हातातल्या या वहीकडे पाहिलं.

१८ जून. डाकबोटीवर.

निघताना क्रीलने नवी थैली माझ्या डाव्या मनगटाला लावली. कुलूप दाबलं की बसतं. खट्. मग त्याने स्वतःची किल्ली खिशात टाकली. मी पाहत राहिलो. तो म्हणाला, ही मला परत न्यायचीय, पुढच्या माणसासाठी. तुझी आहे ना तुझ्याकडे? आपल्या खात्याची काटकसर माहितीय ना, सगळ्या कुलपांना एकच किल्ली!

काय सांगणार? किल्ली एका मेलेल्या माणसासाठी पायरीवर ठेवून दिली म्हणून? मी म्हणालो, हो, आहे.

मिसेस टूझो धक्क्यावर आली होती. मला वाटलं शिव्या देईल. हळूच म्हणाली, बाबा, लिहून टाक रे. तो वाईट नाही. पण तो आता कुणाचं ऐकायला बांधील नाही.

हॅलिफॅक्सला उतरलो की लोहाराकडून साखळी तोडून घ्यायची. चार दिवस तर आहेत.

१९ जून.

समुद्र शांत. तरी बोट लागली.

बोटीवरच्या कारभाऱ्याने जेवणाच्या वेळी विचारलं, तुमच्या नोकराला कोरडे कपडे देऊ का, सकाळपासून ओला उभा आहे बिचारा. कुठे, म्हटलं. त्याने माझ्या खुर्चीमागे बोट दाखवलं.

वळलो नाही. सूप संपवलं.

२० जून.

थैली जड झाली आहे. क्रीलने दिली तेव्हा एका हाताने उचलत होती. आता दोन्ही हातांनी उचलत नाही. मनगट सुजलं. आतून पाणी झिरपतं, थांबत नाही. खारट.

डॉक्टरला दाखवलं. म्हणाला साखळी काढा. किल्ली?— म्हटलं हरवली. त्याने छिन्नी लावली. छिन्नी तुटली.

टायटस समोर उभा. उजव्या हातात किल्ली. पुढे करत नाही, मागेही घेत नाही. वहीकडे बघतो.

लिहिलं तर वही कुणाच्या तरी हाती लागणार. जहाज इंग्रजांचं, कप्तान इंग्रज, हॅलिफॅक्स इंग्रजांचं. फास. आणि लंडन— इतक्या जवळ आलेलं—

खोटं लिहून त्याला वाचून दाखवलं. 'धक्का लागून गेला.' त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. पान फाडलं.

२१ जून, दुपार.

सगळे आत जेवताहेत. हसण्याचे आवाज येतात. मला डेकवरून आत जाता येईना, थैली फळ्यांवरून सरकत नाही— सरकते, पण एकाच बाजूला. कठड्याकडे. मी बाकाला पाय अडकवले आहेत.

हाक मारली तर वीस माणसं धावतील. पण धावून करणार काय. ती छिन्नी. सुरी. काल सगळं झालं—

तो त्या दिवशी काय बोलत होता ते क्रीलला ऐकू आलं नसेल. मला आलं होतं. म्हणत होता, मालक, जरा थांबा, यांकी नाहीत ते, आपलेच आहेत. त्याची नजर माझ्याहून चांगली. मी ऐकलं होतं. ऐकून—

बाक उखडतो आहे. थैली कठड्याच्या फटीतून बाहेर लोंबते— हात खांद्यातून—

लिहितो. टायटस, लिहितो, हे बघ, फासावर तर फासावर, वही कप्तानाला दे— किल्ली काढ— लिहितो आहे—

२ जूनला सकाळी टायटस पडला नाही. किल्ली माझ्याजवळ होती. मी त्याला दोन्ही हातांनी—